बुडत्या पेढीचा न्याय

पेढी चालू असते तोपर्यंत तिच्या दारात सर्व ठेवीदार सारखेच. लक्षाधीशाच्या पासबुकातील आकडा मोठा आणि टॅक्सीवाल्याचा लहान, एवढाच काय तो भेद. कायद्याच्या दृष्टीने दोघेही धनकोच. परंतु हे समत्व खरे की केवळ दिखाऊ, हे पेढीचे दार बंद झाल्यावाचून कळत नाही. मुंबईत अशी दारे सहा महिन्यांच्या आत दोनदा बंद झाली.

सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. पहिल्या हुकमाप्रमाणे ठेवीदारास सहा महिन्यांत अवघे 1,000 रुपये काढता येणार होते. पुढे ही मर्यादा हप्त्याहप्त्याने वाढत जून 2020 मध्ये एक लाखावर गेली. या बँकेच्या सुमारे 8,800 कोटींच्या कर्जांपैकी 6,500 कोटींच्या घरातील रक्कम एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती, आणि हे झाकण्यासाठी 21,049 खोटी खाती निर्माण केली, असा फिर्यादीतील आरोप आहे. कागदोपत्री मात्र थकीत कर्जाचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास! हिशेबतपासनीस होते, संचालक होते, देखरेखीस रिझर्व्ह बँक व सहकार निबंधक असे दोन धनी होते. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण येथे अक्षरशः खरी झाली.

पुढे 5 मार्च 2020 रोजी येस बँकेवर बंदी आली. तेथे मर्यादा पहिल्या दिवसापासून 50,000 रुपये. स्टेट बँक व इतर बँका मिळून सुमारे 10,000 कोटींचे भांडवल उभे राहिले, आणि 18 मार्चला दारे उघडली. तेरा दिवस! सहकारी बँकेच्या ठेवीदारांनी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेतील विलीनीकरणासाठी 25 जानेवारी 2022 पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस महिने, वाट पाहिली.

यावर असे म्हणण्यात येईल की, येस बँक मोठी होती. ती कोसळती तर इतर बँकांनाही धक्का बसता. हे आम्हांस मान्य आहे. पण मग स्पष्ट बोला, की सरकार ठेवीदाराच्या हक्काकडे पाहून धावत नाही, आपल्या भीतीकडे पाहून धावते. ज्याच्या बुडण्याने बड्यांची झोप उडते तो लवकर तरतो. दुसरी सबब कायद्याची: सहकारी बँकेची पुनर्रचना करण्याचा अधिकार त्या वेळी रिझर्व्ह बँकेस नव्हता, तो सन 2020 च्या दुरुस्तीने मिळाला. वकिलाच्या दृष्टीने सबब बिनतोड आहे. परंतु दुहेरी ताब्याचे दुखणे सन 2001 मध्ये अहमदाबादची माधवपुरा बँक बुडाली तेव्हाच उघडे पडले होते. त्यावर औषध शोधण्यास एकोणीस वर्षे का लागावीत?

या देशात ठेवीदाराचे संरक्षण बहुधा अपघातानंतरच जन्मास येते. सन 1960 मध्ये पलाई सेंट्रल व लक्ष्मी बँक कोसळल्या, मग 1962 पासून ठेवींचा विमा सुरू झाला. तोही आरंभी 1,500 रुपयांचा. सन 1993 मध्ये तो एक लाख झाला, आणि महागाई कोठच्या कोठे गेली तरी फेब्रुवारी 2020 पर्यंत तेथेच राहिला. मग एकदम पाच लाख. निर्बंधानंतर नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याचा नियम 2021 चा. हे हक्क उशिरा आले ते कोणाच्या रांगेत उभे राहण्याने आले, हे मुंबईकरांस सांगावयास नको.

आणि ज्यांची ठेव पाच लाखांहून अधिक? त्यांस उर्वरित रक्कम टप्प्याटप्प्याने, काही अंशी तर दहा वर्षांनंतर, म्हणजे सन 2032 मध्ये, मिळावयाची. सत्तरी गाठलेल्या पेन्शनरास हे वेळापत्रक वाचून दाखविण्याचे धैर्य योजना लिहिणाऱ्यांस झाले असते काय? संस्थात्मक ठेवीदारांच्या रकमेचा तर 80 टक्के भाग एक टक्का लाभांशाच्या अग्रहक्क भागांत बदलला. ज्याने ठेव ठेवली तो न विचारता भागीदार झाला.

आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक सहकारी बँकेने आपल्या एकूण कर्जांपैकी किती रक्कम सर्वांत मोठ्या वीस ऋणकोंकडे आहे, हा आकडा शाखेच्या दारावर मराठीत, व्याजाच्या दरांच्या पाटीशेजारी, लावावा. ठेवीदाराने दर वाचून पैसे ठेवले होते. दुसरी पाटी त्याला कोणी दाखविलीच नव्हती.