विश्लेषण : ज्यूरीला काय दाखवावे, काय नाही?

अमेरिकेत फौजदारी खटल्यात आरोपी दोषी की निर्दोष, हे सहसा ज्यूरी म्हणजे सामान्य नागरिकांचा गट ठरवतो. त्यांना प्रकरण समजावे म्हणून वकील नकाशे, तक्ते, ॲनिमेशन, पॉवरपॉइंट वापरतात. पण समजावण्याच्या नावाखाली ज्यूरीचे मन कलुषित केले तर?

वॉशिंग्टन राज्यात काय घडले?

एका खटल्याच्या अंतिम युक्तिवादात सरकारी वकिलांनी आरोपीचे अटकेनंतरचे, रक्ताळलेल्या चेहऱ्याचे छायाचित्र पडद्यावर दाखवले आणि त्यावर लाल अक्षरांत तीनदा ‘दोषी’ असे उमटवले. छायाचित्र पुराव्यात होते, त्यावरचा शब्द नव्हता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये शिक्षा रद्द करून फेरखटल्याचा आदेश दिला. २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एका आरोपीची खुनाची शिक्षा रद्द केली. त्या खटल्यात सुमारे २५० स्लाइडपैकी शंभरहून अधिक स्लाइडच्या शीर्षकातच आरोपीला दोषी म्हटले होते.

नवा नियम काय सांगतो?

फेडरल न्यायालयांत १ डिसेंबर २०२४ पासून पुराव्यासंबंधीचा नियम १०७ लागू झाला. त्यानुसार असे दृश्य साधन हा पुरावा नव्हे. त्याच्या उपयोगापेक्षा पूर्वग्रहाचा किंवा दिशाभुलीचा धोका बराच मोठा असेल, तर न्यायाधीश ते रोखू शकतात. सर्व पक्षांची संमती किंवा सबळ कारण असल्याशिवाय ते ज्यूरीच्या विचारविनिमयाच्या खोलीत जात नाही. शक्य असेल तेथे ते खटल्याच्या नोंदीत ठेवावे लागते, म्हणजे अपिलात तपासता येते.

मग उणीव कुठे?

साधन प्रतिपक्षाला आधी दाखवण्याचे बंधन या नियमात नाही. ते ज्या त्या न्यायालयावर सोडले आहे. शिवाय बहुतांश फौजदारी खटले राज्यांच्या न्यायालयांत चालतात आणि तेथे हा नियम आपोआप लागू होत नाही. वॉशिंग्टनच्या दोन्ही खटल्यांत स्लाइड पडद्यावर आल्या तेव्हा बचाव पक्षाच्या वकिलांनी हरकतच घेतली नव्हती. घेतली असती तरी ज्यूरीने पाहिलेले चित्र ‘विसरा’ म्हटल्याने पुसले जात नाही. त्याची किंमत अपील, फेरखटला आणि साक्षीदारांची पुन्हा फरफट अशी सर्वांनाच मोजावी लागते, पीडितांनाही.

म्हणूनच फौजदारी खटल्यात तरी प्रत्येक स्लाइड ज्यूरीपुढे येण्याआधी न्यायाधीश आणि प्रतिपक्षाने पाहणे सक्तीचे हवे. त्यात फार तर काही मिनिटे जातील. फेरखटल्यात वर्षे जातात.