एका पराभवावरून मोजमाप नको



अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याचे रॉबर्ट ला फॉलेट म्हणजे १९२४ ची अध्यक्षीय निवडणूक हरलेले हेकट गृहस्थ, असा निकाल गेल्या अंकातील पत्रलेखकांनी दिला आहे. हेकट होते, हे मान्य. पण दोन्ही मोठ्या पक्षांबाहेर उभे राहून १६.६ टक्के मते मिळवणे हा ‘फज्जा’ कसा?

त्यांचे खरे काम राज्यात झाले. १९०१ ते १९०६ या गव्हर्नरपदाच्या काळात पक्षाचा उमेदवार ठरवण्याचा हक्क त्यांनी पुढाऱ्यांच्या बैठकीतून काढून मतदारांच्या हाती दिला. १९०४ मध्ये जनतेने त्यावर कौलही दिला. त्यांची तऱ्हा मोठी मजेशीर होती. विरोधी आमदाराच्या गावी जायचे आणि त्याने विधिमंडळात कशाकशावर काय मत दिले, ते त्याच्याच मतदारांसमोर घडाघडा वाचून दाखवायचे. आपल्याकडे कुणी हे करून पाहावे!

सिनेटमध्ये १९१७ साली पहिल्या महायुद्धात उतरण्याविरुद्ध मत देणारे ते सहांपैकी एक. त्यापायी हकालपट्टीची मागणी झाली. प्रकरण १९१९ मध्ये निकाली निघाले. पुढे १९५७ साली सिनेटर जॉन केनेडींच्या समितीने सर्वश्रेष्ठ पाच सिनेटर निवडले, त्यांत ला फॉलेट होते.

ला फॉलेट यांच्यावरील मूळ लेखातही एक चूक आहे: त्यात प्राप्तिकर कायदा त्यांच्या नावावर टाकला आहे. विस्कॉन्सिनचा प्राप्तिकर कायदा १९११ चा, म्हणजे गव्हर्नर मॅकगव्हर्न यांच्या कारकिर्दीतला. तेव्हा ला फॉलेट वॉशिंग्टनमध्ये होते.

— एक वाचक, सातारा