शोधण्याची मजुरी

सिग्नलला उभी असलेली जुनी डिझेल गाडी अंगात आल्यासारखी थरथरू लागली, की मालक ती गॅरेजात नेतो आणि पहिला प्रश्न विचारतो, ‘काय टाकावे लागेल?’ पुढच्या साऱ्या खर्चाचे मूळ या प्रश्नात आहे. आपल्याकडच्या गॅरेजच्या बिलात दोनच गोष्टींना किंमत असते: सुट्या भागाला, आणि जुना उतरवून नवा बसवण्याच्या मजुरीला. बिघाड नेमका कुठे आहे हे शोधण्यात गेलेला वेळ बिलात कुठेच दिसत नाही. मिस्त्रीने दोन तास डोके लावून डिझेलच्या नळीवरची सैल क्लिप हुडकली, तर ‘क्लिपच तर आवळली’ म्हणून शंभराची नोट पुढे केली जाते. त्यानेच चार इंजेक्टर बदलले, तर कित्येक हजारांचे बिल मुकाट भरले जाते. मग त्याने शोधण्याच्या भानगडीत पडावे तरी का? गॅरेजवाले लुटतात ही तक्रार नेहमीची आहे, पण लुटीला सोयीची अशी ही रीत आपणच जपली आहे. तपासणीची मजुरी बिलात वेगळी लावली जायला हवी आणि ती घासाघीस न करता दिली जायला हवी. आयडलिंगचा, म्हणजे उभ्या गाडीच्या संथ चालीचा, बिघाड हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि तिच्यात उडालेला डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर संथ चालत असेल, तर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटतो. त्यातला एक आळसावला, की सेकंदाला सहा-सात हिसके बसतात आणि ते थेट सीटपर्यंत पोहोचतात. शिवाय आयडलिंगला एका फवाऱ्यात जाणारे डिझेल अवघे काही मिलिग्रॅम असते. गाडी वेगात असताना फवारा मोठा असतो, त्यात थोडे कमीजास्त झालेले लपून जाते. आयडलिंगला तेवढाच फरक गाडी हलवतो. हमरस्त्यावर झकास पळणारी गाडी टोलनाक्याच्या रांगेत डुगडुगते ती यामुळे. ‘डिझेल म्हटले की थरथरणारच’ हे वाक्य त्यामुळे अर्धेच खरे. सायलेन्सरच्या तोंडाशी ठोका एकसारखा पडत असेल, आरपीएमचा काटा स्थिर असेल आणि तरीही केबिन हलत असेल, तर दोष बहुधा इंजिनाच्या फाउंडेशनचा, म्हणजे त्याखालच्या रबरांचा. ठोका मध्येच चुकत असेल, तर दोष आत आहे.

आत म्हणजे कुठे, हे ठरवायला लागणाऱ्या चाचण्या जवळजवळ फुकटच्या आहेत. थंडीत पहिली दोन मिनिटे गाडी मिसिंग मारते, पांढरा धूर टाकते आणि तापल्यावर सुधारते, तेव्हा संशय हीटर प्लगवर किंवा उतरलेल्या कॉम्प्रेशनवर जातो. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये हातभर पारदर्शक नळी जोडली, तर लाइन हवा धरते आहे की नाही हे बुडबुडेच सांगतात. इंडिका किंवा सुमोच्या जुन्या इंजिनांत, जिथे यांत्रिक पंप प्रत्येक नोझलला वेगळ्या नळीने डिझेल पाठवतो, तिथे मिस्त्री एकेका नळीचा नट किंचित सैल करतो. ज्या नळीने इंजिनाचा आवाज बदलत नाही, तिचा सिलिंडर मुळातच काम करत नव्हता. कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या इंजिनावर मात्र हा प्रयोग चुकूनही करू नये. तिथे आयडलिंगलाही दाब २५० बारच्या आसपास असतो आणि डिझेलची धार कातडीखाली घुसू शकते. त्या इंजिनांना वेगळी परीक्षा आहे. प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला बाटली लावायची आणि इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचे. जी बाटली इतरांपेक्षा भराभर भरते, तिचा इंजेक्टर झिजलेला. स्कॅनरवर कॉम्प्युटर कोणत्या सिलिंडरला किती जास्तीचे डिझेल देऊन तोल सांभाळतो आहे तेही आकड्यांत दिसते. मग संशयित इंजेक्टर दुसऱ्या सिलिंडरवर बसवून बघायचा, नवे तांब्याचे वॉशर घालून आणि त्याच्या डोक्यावरचा सांकेतिक क्रमांक कॉम्प्युटरमध्ये नव्या जागी भरून. दोष त्याच्याबरोबर गेला तर इंजेक्टर दोषी. जागेवरच राहिला तर इंजेक्टर निर्दोष, आणि कॉम्प्रेशन मोजायला हवे. इतका स्वच्छ निवाडा देणारी परीक्षा इतर बिघाडांत फारशी मिळत नाही.

प्रत्यक्षात होते ते याच्या उलट. यांत्रिक पंपावरचा स्क्रू फिरवून आयडलिंग हजारापर्यंत चढवले जाते. थरथर लपते, डिझेल वाया जात राहते. काजळीने उघडाच अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह संथ चालीत जळलेला धूर वाजवीपेक्षा जास्त आत घेतो आणि इंजिन गुदमरते. तो उतरवून साफ करायचा तर वेळ जातो, म्हणून पत्र्याची चकती लावून वाटच बंद केली जाते. गाडी लगेच गुळगुळीत चालते, मालक खूश. पण नायट्रोजन ऑक्साइड कमी ठेवणे हे त्या व्हॉल्व्हचे कामच असते, ते थांबते. आणि पीयूसीत हे पकडले जात नाही, कारण डिझेल गाडीची पीयूसी म्हणजे उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबून धूर किती दाट आहे ते मोजणे. पेट्रोल गाडी आयडलिंगला तपासली जाते, डिझेल नाही. आयडलिंगला अडखळणारे इंजिन आणि चकती लावलेले इंजिन, दोन्ही बिनबोभाट पास होऊ शकतात. म्हणजे ग्राहक विचारत नाही, कायदाही विचारत नाही, आणि शोधण्याची गरज कुणालाच उरत नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो हिशेबी माणसाचा: दीड लाखाच्या गाडीला तपासणीचे वेगळे पैसे कशाला? उत्तर त्या दीड लाखातच आहे. नव्या गाडीचा मालक एक चुकीचा इंजेक्टर सोसू शकतो. दीड लाखाच्या गाडीच्या मालकाला तो परवडत नाही. मल्टिजेटचेच बघा. फियाटचे हे १.३ लिटरचे इंजिन पुण्याजवळ रांजणगावात बनत होते, आणि मारुतीने ते स्विफ्टपासून पुढे आपल्या अनेक गाड्यांत घातले; २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आले तेव्हा मारुतीने डिझेल सोडले. त्या गाड्या आजही रस्त्यावर भरपूर आहेत आणि त्यांचे दुसरे-तिसरे मालक मोजून खर्च करणारे आहेत. पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण आले की गाडी ठेवायची की भंगारात काढायची, हा निर्णयही कॉम्प्रेशनचा आकडा हातात असल्याशिवाय आंधळाच ठरतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: तपासणीचेही पैसे घेतील आणि भागही तेच चार टाकतील. हे होईल, काही ठिकाणी नक्की होईल. स्कॅनर लावून कोड वाचणे म्हणजेच तपासणी, असा समज तर आताच रूढ झाला आहे. कोड फार तर सिलिंडरचे नाव सांगतो. इंजेक्टर, कॉम्प्रेशन की वायरिंग, हे सांगत नाही. पण मजुरी नाकारल्याने ही फसवणूक थांबत नाही, ती फक्त सुट्या भागांच्या किमतीत मिसळून अदृश्य होते. राहिला जुन्या मिस्त्रींचा मुद्दा. लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून नोझलचा ठोका ओळखणारी माणसे अजून आहेत, त्यांना यंत्रे कशाला, असे विचारले जाते. त्यांचा कान हीसुद्धा तपासणीच, आणि तिला आपण कधीच दाम दिला नाही. त्यांच्या हाताखालच्या पोरांनी तो कान का कमवावा, याचेही कारण मग आपल्याकडे नसते.

पैसे देणाऱ्याने त्या बदल्यात मागायचे ते कागदावर. बिलाच्या खाली किंवा पाठीमागे चार बाटल्यांतली परतीच्या डिझेलची मापे, चार सिलिंडरचे कॉम्प्रेशन, स्कॅनरवरचे तोल सांभाळण्याचे आकडे, गाडी थंड होती की तापलेली, आणि उतरवलेला भाग डिकीत. या आकड्यांचा अर्थ मालकाला लागला नाही तरी चालेल. सहा महिन्यांनी गाडी दुसऱ्या गॅरेजात गेली, तर तिथल्या मिस्त्रीला तो लागेल, आणि त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.