ताडपत्री, वारा आणि डिझेलचा हिशेब

पिकअपच्या हौद्यावर ताडपत्री बांधली तर डिझेल वाचते की वाया जाते, हा प्रश्न वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने हाती घ्यावा याचे कोणाला नवल वाटेल. परंतु बेळगावची भाजी चोर्ला घाट उतरून साखळी-डिचोलीमार्गे पेडण्यापर्यंत पोचते ती याच गाड्यांतून. त्यामुळे हा प्रश्न चालकाच्या मीठभाकरीचा आहे.

माझ्या ओळखीच्या एका चालकाच्या पगारातून मालकाने पैसे कापले. कारण काय, तर 'ॲव्हरेज' कमी पडले! घाट, ओझे, चाकांतील हवा यांचा विचार झालाच नाही.

कन्नडमध्ये वाऱ्याला 'गाळी' म्हणतात, आणि कोकणीत गाळी म्हणजे शिव्या. चालकाला दोन्ही खाव्या लागतात! वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरला तो जेवढा असतो, त्याच्या फक्त चौथा हिस्सा ४० ला असतो. म्हणजे पत्रादेवी-धारगळच्या चौपदरी रस्त्यावर आच्छादनाचा थोडा उपयोग होईल. घाटात मात्र इंधन खाते ते वजन.

रिकाम्या गाडीचा फाळका उघडा ठेवला की वारा आरपार जातो, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. फाळका बंद असला की हौद्यात हवेचा भोवरा तयार होतो आणि वरचा प्रवाह त्यावरून सरकून जातो. सपाट, घट्ट आच्छादनाने विरोध आणखी काही टक्क्यांनी घटतो. फडफडणाऱ्या सैल ताडपत्रीने तो वाढतो. मात्र पुष्कळशा चाचण्या अमेरिकी पिकअपवर झालेल्या आहेत. आपल्या गाड्यांचा हौदा निराळा, तेव्हा ते आकडे जसेच्या तसे आपल्याला लागू पडणार नाहीत.

आता हिशेब पाहू. समजा, गाडी रोज १०० किलोमीटर धावते, लिटरला १२ किलोमीटर देते, डिझेल ९० रुपये आहे आणि आच्छादनाने २ टक्के बचत होते. दिवसाला वाचले १५ रुपये; ३०० दिवसांचे ४,५०० रुपये. टणक झाकण ३०,००० रुपयांचे घेतले तर भांडवल सुटायला साडेसहा वर्षांहून अधिक काळ लागेल, व्याज वेगळेच! हौद्याच्या प्लॅस्टिक अस्तराने पत्र्यावर ओरखडे पडत नाहीत हे खरे. पण त्याचेही वजन असते, आणि आपल्या पावसाळ्यात त्याखाली पाणी साचून पत्रा गंजतो.

मग ताडपत्री कशाला? माल भिजू नये आणि मागच्याच्या डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातील खाणी बंद पडण्यापूर्वी डिचोली तालुक्याने खनिजाच्या ट्रकांमागे उडणारी तांबडी धूळ भरपूर खाल्ली आहे. तेथे ताडपत्रीचे मोल लिटरात मोजणे हा अन्यायच.

माझे मत एवढेच : आच्छादन घ्यावे ते मालासाठी आणि माणसांसाठी, 'मायलेज'च्या जाहिरातीला भुलून नव्हे. दोर घट्ट बांधावेत, फाळका बंद ठेवावा, चाकांत पुरेशी हवा भरावी. यांना जवळजवळ खर्च नाही. आणि मालकांनी चालकाच्या पगाराला हात लावण्यापूर्वी घाट व ओझे यांचा जमाखर्च मांडावा. तो मांडायला त्यांना मदत करणे हे आपणा वाणिज्य विद्यार्थ्यांचे काम नव्हे काय?