प्रतिकृतीची नामपट्टी : अल्पमोली, पण खरी

आपल्या घरांतील मुलें सुटींत होड्या, रथ, किल्ले करतात आणि आपण कौतुकानें ते ओटीवरील फळीवर मांडतों. पाहुणा येतो, न्याहाळतो व विचारतो, "हें काय?" मुलगा घरीं असला तर सांगतो, नसला तर प्रतिकृति मुकीच राहते. म्हणून या महिन्यांत नामपट्टीचा विचार करूं.

सन २०२५ च्या जुलै महिन्यांत युनेस्कोनें मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत घेतले. त्यांत आमच्या शेजारचा, मालवणच्या कुरटे बेटावरील सिंधुदुर्गही आहे. त्या निमित्तानें आमच्या नातवाच्या शाळेंत प्रदर्शन ठरलें. त्यानें पुठ्ठ्याचा किल्ला व पांगाऱ्याच्या हलक्या लांकडाचें एक तारूं तयार केलें. बाजारांत पितळी पट्ट्यांची चौकशी केली, तों दोन पट्ट्यांची किंमत सगळ्या सामानाहून अधिक! तेव्हां घरींच उद्योग मांडला.

देवबागच्या किनाऱ्यावर प्रवासी मंडळी शीतपेयांचे रिकामे डबे टाकून जातात. त्यांचा पत्रा ॲल्युमिनियमचा व जाड कागदासारखा पातळ असतो. डबा धुवून घ्यावा व वडील माणसानेंच जुन्या कात्रीनें कापावा. कडेला धार असते. पत्र्याचा बांक मेजाच्या कडेवरून उलट ओढला असतां निघतो. आंतील रुपेरी बाजू ही पाटीची दर्शनी बाजू समजावी. पाटी प्रतिकृतीच्या लांबीच्या पांचव्या हिश्शाहून मोठी नसावी, नाहीं तर पाहणारा पाटीच पाहत बसतो.

पातळ कागदावर पट्टीनें रेघा आंखून मजकूर सुवाच्य लिहावा. मग कागद पालथा घालून पत्र्याच्या रंगीत बाजूवर चिकटवावा, खालीं वर्तमानपत्राची जाड घडी ठेवावी आणि शाई संपलेल्या लेखणीनें कागदांतून दिसणारीं उलटीं अक्षरें दाबून गिरवावीं. पालथ्या कागदावर 'सिं'ची ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे जाते व दीर्घासारखी दिसते. नातू घाबरून म्हणाला, "आजोबा, हें अशुद्ध झालें!" पाटी सुलटी करतांच उठावाचें शुद्ध अक्षर पाहून त्याचें समाधान झालें. नंतर कडा मागें दुमडाव्या, बुटाचें काळें पॉलिश चोळून लगेच फडक्यानें पुसावें. अक्षरांच्या कडेनें काळें राहतें व अक्षर उठून दिसतें. एका बाजूस कर्लीचें पात्र व दुसऱ्या बाजूस समुद्र अशा चिंचोळ्या भूमीवर आम्ही राहतों. येथें लोखंडी टांचणी चार दिवसांत गंजते. म्हणून पाटी डिंकानेंच बसवावी.

मजकूर थोडा असावा : नांव, स्थळ, काल. 'दुर्ग' शब्दांतील 'दु' ऱ्हस्व. 'दुर्' हा उपसर्ग व 'गम्' हा धातु. जेथें जाणें कठीण तो दुर्ग, एवढें मुलास सांगितलें कीं चूक पुन्हां होत नाहीं. सिंधुदुर्गाची पायाभरणी इ. स. १६६४ च्या नोव्हेंबरांतली. शक हवा असल्यास ७८ वजा करावे, म्हणजे १५८६. मात्र जानेवारीपासून पाडव्यापर्यंतची तारीख असेल तर ७९.

किल्ल्याची पाटी निर्दोष उतरली. तारवाच्या पाटीवर मात्र आम्हीं 'गुराब' असें लिहविलें. नातू 'गलबत' म्हणत होता. पण गुराब हा शब्द आम्हांस अधिक भारदस्त वाटला. सायंकाळीं शेजारचे वृद्ध तांडेल आले. तारूं हातांत घेऊन त्यांनीं विचारलें, "मास्तरांनू, गुराब म्हणतास, मगे ही वल्ही कित्याक?"

आम्ही निरुत्तर झालों. अठराव्या शतकांतील आंग्ऱ्यांच्या आरमाराचीं वर्णनें आमच्या वाचनांत होतीं. गुराब मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, जड तोफा वाहणारी. गलबत लहान, मोठ्या त्रिकोणी शिडाचें, चाळीस-पन्नास वल्ह्यांचें. वारा पडला म्हणजे गलबतेंच गुराबांना ओढून नेत. हें सर्व ठाऊक असूनही केवळ शब्दाच्या डौलासाठीं आम्हीं एका मुलाकडून खोटें लिहविलें होतें. त्याच रात्रीं त्याच्यापाशीं चूक कबूल केली व अर्ध्या तासांत 'गलबत' अशी नवी पाटी झाली.

पाटी पितळेची असती तर? झालेल्या खर्चाच्या मायेनें ती आम्हीं तशीच राहूं दिली असती, आणि शाळेंतील मुलें गलबतालाच गुराब समजून घरीं गेलीं असतीं. स्वस्त पाटीचा मोठा गुण हा कीं, ती बदलतांना हात आंखडत नाहीं. जुनी पाटी आम्हीं मेजाच्या खणांत ठेवली आहे. शिक्षकालाही कधीं कधीं उजळणी लागते.