दोरी आपल्या हाती असावी

खोपोलीकराला मान वर करून पाहण्याची सवय जन्माचीच. गाव घाटाच्या पायथ्याशी. तेव्हा पाहण्यासारखे जे काही आहे ते वरच! पावसाळ्यात झेनिथचा धबधबा वरून पडतो, टाटांच्या वीजघराला १९१५ सालापासून पाणी डोंगरावरून येते, आणि रात्री पुण्याकडे निघालेल्या मोटारी बोरघाटात दिव्यांची माळ होऊन चढताना दिसतात. या यादीत आता विमानांची भर पडली आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या नव्या विमानतळावर प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. सरळ रेषेत मोजले तर हा विमानतळ आमच्यापासून पस्तीस-चाळीस किलोमीटर. आमच्या माथ्यावरचे आभाळ, जे काल-परवापर्यंत घारींचे आणि ढगांचे होते, ते आता रहदारीचे झाले आहे.

अशा वेळी आमच्या सोसायटीच्या दिवाळी समितीत तरुण मंडळींनी एक सूचना मांडली : लक्ष्मीपूजनाच्या रात्री गच्चीवरून शंभर उडते कंदील सोडायचे. पातळ कागदाची पिशवी, तळाशी तारेची चौकट, चौकटीत मेणात भिजवलेला बोळा. बोळा पेटवला की पिशवी फुगते आणि कंदील तरंगत वर जातो. दृश्य मोठे देखणे असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. बायका-मुलांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा तेवढे म्हणाले, “अरे, तो खाली कुठे उतरणार?” त्यांच्या प्रश्नाला कोणी उत्तर दिले नाही. ते मी या पानावर शोधतो आहे.

हा कंदील म्हणजे गरम हवेच्या फुग्याचेच धाकटे भावंड, आणि त्या फुग्याचे घराणे मोठे कुलीन आहे. १७८३ साली फ्रान्समध्ये माँगोल्फिए बंधूंनी आपल्या फुग्यातून आधी एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा यांना हवेची सफर घडवली. तिघेही सुखरूप परतल्यावर, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दोन माणसे पॅरिसवरून तरंगत गेली. विमान जन्माला यायला त्या वेळी एकशेवीस वर्षांचा अवकाश होता! आपल्या मुंबईचाही या घराण्याशी संबंध आहे. २६ नोव्हेंबर २००५ रोजी सदुसष्ट वर्षांचे विजयपत सिंघानिया महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरून गरम हवेच्या फुग्यातून निघाले आणि २१,०२७ मीटर उंचीवर, म्हणजे एव्हरेस्टच्या दुपटीहून वर, जाऊन पोचले. तो जागतिक विक्रम झाला. उतरले ते सिन्नरजवळच्या पांचाळे गावी.

आता पाहा, महालक्ष्मीपासून सांताक्रूझचा विमानतळ किती लांब? दहा-बारा किलोमीटर! देशातल्या अत्यंत गजबजलेल्या विमानतळाच्या शेजारून एवढे धूड वर गेले आणि कोणाच्या केसाला धक्का लागला नाही. मग आमच्या चिमुकल्या कंदिलाने काय पाप केले?

फरक आकाराचा नाही, धनी असण्याचा आहे. गरम हवा थंड हवेहून हलकी. एका घनमीटरमागे जेमतेम पाव किलो वजन उचलले जाते. म्हणून चार माणसे न्यायची तर दोन-अडीच हजार घनमीटरचा फुगा लागतो. त्याच्या चालकाला सुकाणू नसते. ज्योत वाढवून वर जाणे आणि हवा सोडून खाली येणे एवढेच त्याच्या हाती. वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेने वाहतो, त्यांतला सोयीचा वारा निवडायचा, हीच त्याची विद्या. पण तो चालक असतो! त्याच्याजवळ परवाना असतो, उड्डाणाची परवानगी असते, आणि गजबजलेल्या आभाळात शिरायचे तर नियंत्रकांशी बोलायला रेडिओही असतो. कापडी फुगा रडारला नीट दिसत नाही, म्हणून आपले ठिकाण कळवणारे यंत्रही बरोबर घेतात.

त्याचा मोबदलाही त्याला मिळतो. आकाशातला नियम असा, की इंजिनाच्या विमानाने ग्लायडरला वाट द्यावी आणि ग्लायडरने फुग्याला. ज्याला वळता येत नाही, त्याचा मान पहिला! लग्नाच्या पंगतीत आजीला आधी बसवतात, तशातलाच हा प्रकार. आपल्या १९३४ च्या विमान कायद्यानेही विमानाच्या व्याख्येत फुगा आणि चक्क पतंगसुद्धा बसवला होता. १ जानेवारी २०२५ पासून त्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली. पण मान द्यायचा तर समोरचा कोण आहे हे आधी दिसले पाहिजे. कंदील रडारवर दिसत नाही, त्याच्यापाशी रेडिओ नाही, आणि गच्चीवरून सुटल्यावर तो कोणाचाच नसतो.

“एवढासा कागद! विमानाला काय करणार?” असे एकाने विचारलेच. १६ ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेत, छत्तीस हजार फुटांवर, एका प्रवासी विमानाच्या पुढच्या काचेवर हवामान मोजणारा फुगा आदळला. त्याचे सगळे वजन एक किलोच्या थोडे वर. काच तडकली, वैमानिकाला काचेचे तुकडे लागले आणि विमान वाटेतच उतरवावे लागले. कंदील त्याहून हलका असतो, हे मान्य. पण धोका केवळ टकरीचा नसतो. विमान उतरताना धावपट्टीपासून पाच किलोमीटरवर असते, तेव्हा त्याची उंची असते जेमतेम अडीचशे मीटर. त्या घटकेला वैमानिकाला समोर अनोळखी दिवे दिसले तर त्याने काय समजावे? मे २०१५ मध्ये मुंबईच्या विमानतळाजवळ एका वैमानिकाला हवाई छत्र्यांसारख्या पाच वस्तू तरंगताना दिसल्या. सुरक्षायंत्रणांची धावपळ उडाली. अखेर ते कुठल्याशा समारंभात सोडलेले फुगे निघाले! लिथुआनियातल्या व्हिल्निअसचा विमानतळ तर ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा पुन्हा बंद ठेवावा लागला. कारण शेजारच्या बेलारूसमधून फुग्यांना बांधून चोरट्या सिगारेटी पाठवल्या जात होत्या.

आमच्या समितीच्या चिटणीसांनी हिशेब मांडला : कंदील जळणार दहा मिनिटे, वारा ताशी वीस किलोमीटर, म्हणजे तो फार तर तीन-साडेतीन किलोमीटर जाईल, विमानतळ कुठे नि आपण कुठे! हिशेब बरोबर आहे. पण जो कंदील खोपोलीच्या दुकानात मिळतो, तोच पनवेल-उलव्याच्याही दुकानात मिळतो, आणि लक्ष्मीपूजनाची रात्र तिथेही तीच. शिवाय तीन किलोमीटरवर आपले काय आहे, तेही पाहावे. कार्तिकात भात कापून झालेले, खळ्यावर पेंढा रचलेला, डोंगरउतारावरचे गवत वाळून कोळ झालेले, आणि मधूनमधून कारखाने. कंदील विझूनच खाली येईल याची हमी कोण देतो? जर्मनीत क्रेफेल्डच्या प्राणिसंग्रहालयात २०२० सालच्या पहिल्याच रात्री अशा कंदिलांनी माकडघर पेटले आणि तीसहून अधिक प्राणी गेले.

सणावर विरजण घालण्याचा हा उद्योग आपल्याकडेच चालतो असे मात्र समजू नये. थायलंडात चिआंग माई येथे आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास हजारो कंदील सोडतात; त्या रात्री विमानांच्या वेळा बदलाव्या लागतात, काही रद्दही कराव्या लागतात. ब्राझीलमध्ये जून महिन्यातल्या सणाला आगीचे फुगे सोडण्याची जुनी चाल. १९९८ च्या कायद्याने असा फुगा बनवणे, विकणे आणि सोडणे हा गुन्हा ठरला. मुंबईतही दिवाळीच्या तोंडावर उडत्या कंदिलांच्या विक्रीवर आणि वापरावर पोलीस बंदीहुकूम काढतात.

आणि खरे सांगू? बंदीचे मला एवढे वाईट वाटत नाही, कारण आपल्या वाडवडिलांनी याची सोय आधीच करून ठेवली आहे. आपला आकाशकंदील नावाने आकाशाचा, पण राहतो घराच्या दारात. कामट्यांचा सांगाडा, रंगीत कागद, खळ आणि झिरमिळ्या. उंच काठीवर चढवायचा आणि दोरी खाली खिळ्याला बांधायची. दिवा मंदावला की उतरवता येतो, वारा सुटला की सावरता येतो. शंभर उडत्या कंदिलांच्या पैशांत शंभर मुलांना कामट्या आणि कागद आणून द्यावेत, गच्चीवर ओळीने कंदील टांगावेत. हातांना खळ लागेल, दोन-चार कंदील वाकडे होतील, आयांची थोडी बोलणी बसतील. पण वरून जाणाऱ्या विमानातून दिवाळीला घरी येणारा कोणाचा मुलगा, कोणाची लेक खिडकीतून खाली पाहील, तेव्हा ते दिवे आपल्या जागी लुकलुकताना तिला दिसतील. तिला सुखरूप उतरू द्यावे. फराळाचे ताट तिच्यासाठी वाढून ठेवलेले असते.