राखीव खुर्ची रिकामी का?

वरळीच्या बीडीडी चाळीतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये! आनंदाची गोष्ट आहे. पण चाळीने समाजाला चळवळ दिली. टॉवर काय देणार? चाळीतले प्रश्न गॅलरीत उभे राहून सुटत. टॉवरमध्ये मेंटेनन्स, पाणी, पार्किंग हे सारे सोसायटीच्या कमिटीत ठरते.

त्या कमिटीत आपली जागा कायद्याने आहे. गृहनिर्माण संस्थेच्या कमिटीत अनुसूचित जाती-जमातींसाठी एक, इतर मागासवर्गासाठी एक, भटक्या-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गासाठी एक आणि महिलांसाठी दोन जागा राखीव असतात. शंभरपर्यंत सभासदांच्या सोसायटीत अकरापैकी पाच. मात्र राखीव जागेसाठी कोणी मिळाले नाही तर ती रिकामी ठेवावी, गणपूर्तीत धरू नये, अशी तरतूद २०१९ च्या कायदादुरुस्तीत आहे. म्हणजे आपण गेलो नाही तरी कमिटीचे काहीही अडत नाही. अडते ते आपले.

बीडीडीत आपली माणसे पुष्कळ आहेत. खरा प्रश्न आहे तो बँकेचे कर्ज काढून खासगी सोसायटीत गेलेल्या, मजल्यावर एकट्या पडलेल्या कुटुंबाचा. राखीव जागेचा अर्ज म्हणजे जातीचा दाखला. दाराच्या पाटीवरून आडनाव काढलेला माणूस तो दाखला कसा जोडणार? आम्ही हे दुरून सांगत नाही. आम्हीही कचरलो होतो. शेजाऱ्यांना कळेल, मुलांशी कोणी खेळणार नाही, ही भीती आम्हीही अनुभवली आहे. पण आमची खुर्ची रिकामी राहिली आणि आमच्याविषयीचे निर्णय इतरांनी घेतले, हाही अनुभव आमचाच.

१९१९ साली बाबासाहेबांनी साऊथबरो समितीपुढे अस्पृश्यांसाठी स्वतंत्र प्रतिनिधित्व मागितले. तेव्हा कायद्याचा आधार नव्हता. आज कायदा आहे आणि माणूस नाही, याला काय म्हणावे?

समाजबांधवांनो, काही गोष्टी आजच करा. जातीचा दाखला काढून ठेवा. मेंटेनन्सचे बिल थकवू नका. थकबाकीदाराला निवडणूक लढवता येत नाही. घराच्या कागदपत्रांवर पत्नीचेही नाव लावा, महिलांच्या दोन जागा आपल्या भगिनींसाठीही आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी व्हावी लागते आणि तिची नोटीस चौदा दिवस आधी मिळायला हवी. नोटीस जपून ठेवा, सभेला जा, हिशेब विचारा, आपले म्हणणे इतिवृत्तात लिहून घ्या. आणि निवडणूक लागली की अर्ज भरा.

फ्लॅटची किल्ली मिळाली म्हणजे घर मिळाले. सोसायटीत बरोबरीचे स्थान मात्र त्या रिकाम्या खुर्चीवर बसल्यानेच मिळेल.